दिवा लागतो, आरसा तापत नाही

माझी गाडी सतरा वर्षांची आहे. मिनिआपोलिसच्या हिवाळ्यात रोज सकाळी तिच्या काचांवर बर्फाचा खरबरीत थर साचलेला असतो. मागच्या काचेचं हीटरचं बटण दाबलं की बाजूचे दोन्ही आरसेही तापायला लागतात आणि बटणात एक पिवळा दिवा लागतो. यंदा जानेवारीत दिवा नेमाने लागत होता, डावा आरसा स्वच्छही होत होता. उजवा मात्र पांढराच राहायचा. आठवडाभर मी तसंच निभावून नेलं. मग एका सकाळी उजवीकडे वळताना एक सायकलवाला थेट दाराशी आल्यावरच दिसला. त्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचलो, दोघंही. पिवळा दिवा तेव्हाही लागलेलाच होता.

दिवा खोटं बोलत नव्हता. आरशाकडे वीज सोडायचा हुकूम निघाला, एवढंच त्याला ठाऊक. आरसा तापला की नाही, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. प्रोग्राम लिहून पोट भरणाऱ्या माणसाला ही गल्लत चांगली ओळखीची असते. दुरुस्तीच्या निमित्ताने गाडीच्या आरशाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की ही गल्लत जवळपास त्या आरशाइतकीच जुनी आहे.

सुरुवातीच्या मोटारींना मागचं दाखवणारा आरसा नव्हता. डोरोथी लेव्हिट या इंग्रज शर्यतपटूने १९०९ साली ‘द वुमन अँड द कार’ या पुस्तकात मोटार चालवणाऱ्या बायकांना सल्ला दिला, की हाताशी एक छोटा आरसा ठेवा, मागचं पाहायला तो मध्येच वर धरता येतो. शर्यतीत मात्र हे काम माणूस करायचा. चालकाशेजारी मेकॅनिक बसे. इंजिनावर लक्ष ठेवणं आणि मागून कोण येतंय ते सांगणं ही त्याची कामं. आपल्याकडे ट्रकच्या डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून, पत्र्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा क्लीनर, किंवा एसटी रिव्हर्स घेताना मागे उभा राहून शिट्टी वाजवणारा कंडक्टर, हे त्याचेच भाऊबंद.

३० मे १९११ रोजी इंडियानापोलिसला पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. चाळीस गाड्या उतरल्या. त्यांत रे हॅरूनची पिवळी ‘मार्मन वॉस्प’ एकाच माणसाची होती. याला मागचं सांगणार कोण, असा आक्षेप इतरांनी घेतला. हॅरूनने चालकासमोर एक आरसा बसवून घेतला. शिकागोत एका घोडागाडीवर त्याने असा आरसा पाहिला होता. मेकॅनिकचं वजन वाचलं, आक्षेपही मिटला आणि ६ तास ४२ मिनिटांत, ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या सरासरीने त्याने शर्यत जिंकली. पुढे त्यानेच सांगितलं, की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हतं. म्हणजे आरसा आहे, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं. त्यात दिसतं का, हे विचारायचं राहून गेलं.

हा दुसरा प्रश्न त्याआधीच एका बाईंना पडला होता. अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना ट्रामने जात होत्या. समोर काच होती, पण तिच्यावर भुरभुरता बर्फ चिकटलेला. म्हणून चालक काच उघडून थंडीत कुडकुडत ट्राम हाकत होता. अँडरसनबाईंनी आतून दांडीने फिरवायचा वायपर बनवला आणि १९०३ साली त्याचं पेटंट मिळवलं. कॅनडातल्या एका कंपनीने यात व्यापारी दम नाही म्हणून तो नाकारला. पेटंटची मुदत संपल्यावर वायपर सर्रास झाले, बाईंच्या हाती काही पडलं नाही.

तापणारा आरसा हा त्याच प्रश्नाचा पुढचा टप्पा. काचेमागे एक पातळ पत्रा चिकटवलेला असतो आणि त्यावर नागमोडी विद्युतवाहक रेघ असते. तारेत वीज गेली की उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूलने १८४१ साली मांडलं. बर्फ वितळायला तापमान न वाढताही पुष्कळ उष्णता लागते, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने त्याच्याही ऐंशी वर्षं आधी दाखवलं होतं. दीडशे चौरस सेंटीमीटरचा आरसा आणि त्यावर अर्धा मिलिमीटर बर्फ धरला, तर वजन भरतं सुमारे सात ग्रॅम. ते वितळवायला जवळपास २३०० जूल लागतात. रेघ सलग असली तर हे सहज जमतं. एके ठिकाणी तुटली की सगळाच आरसा थंड.

रविवारी गाडी गॅरेजात घेतली. हेअर ड्रायरने आरसा कोमट केला, प्लॅस्टिकची पट्टी खालच्या कडेत सारून काच हळूच सोडवली. मागे दोन वायरी होत्या. मल्टीमीटरने मोजलं, तर वायरींत १३ व्होल्ट येत होते. म्हणजे फ्यूज ठीक, बटण ठीक, दिवाही खरा. पण काचेमागच्या दोन टोकांमध्ये रोध मोजला तर मीटर काहीच दाखवेना. एक पिन तिच्या पत्र्यापासून सुटली होती. रस्त्यावर टाकतात त्या मिठाने सांधा खाल्ला होता, हिरवा पडला होता. खरवडून, पुसून, सोल्डर केलं. मीटर ९ ओहम म्हणाला. म्हणजे साधारण १९ वॉट. हिशेबाने दोन मिनिटं पुरायला हवीत, पण आधी काच तापावी लागते आणि वाराही उष्णता पळवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात मिनिटं लागली.

अमेरिकेत १९६८पासून नव्या मोटारींना चालकाच्या बाजूचा आरसा सक्तीचा झाला. आरसा असला पाहिजे, हे कायद्याने लिहून ठेवता येतं. आज सकाळी, या थंडीत, त्यात दिसतंय का, हे त्या त्या सकाळी बघणाऱ्यानेच बघायचं. क्लीनर ते बघायचा. आता शेजारची सीट रिकामी आहे.

दिवा पूर्वीसारखाच लागतो. निघण्याआधी मी उजव्या आरशावर बोट टेकवून बघतो. आणि वळताना, आरसा कितीही स्वच्छ असला तरी, एकदा मान वळवतो.