ब्रेक पॅड : रोजच्या मोटारीत हौशी शर्यतीसाठी करायचा बदल

डिस्क ब्रेकमध्ये फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून मोटारीचा वेग उष्णतेत घालवणारी, पोलादी पाठपट्टीवर पक्की बसवलेली घर्षणद्रव्याची वडी म्हणजे ब्रेक पॅड. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाणारी गाडीच रविवारी ट्रॅकवर, ऑटोक्रॉसला किंवा रॅलीत उतरवणारे हौशी चालक गाडीत पहिला बदल बहुधा इथे करतात. कॅलिपर आणि डिस्क जागच्या जागी राहतात, खर्च आटोक्यात असतो आणि काम अर्ध्या दिवसाच्या आत उरकते. अपेक्षा मात्र पुष्कळदा चुकीची असते. शर्यतीचे पॅड बसवले म्हणजे गाडी कमी अंतरात थांबेल, असे नाही. कंपनीचे धड अवस्थेतले पॅडही चाक लॉक करण्याइतकी, म्हणजे एबीएस जागे करण्याइतकी ताकद देतात. त्यापुढे थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. जास्तीचे पैसे मोजून जे मिळते ते तापमान सोसण्याचे सामर्थ्य. पहिल्या फेरीत लागला तसा ब्रेक सहाव्या फेरीतही लागावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

उष्णतेचा हिशेब : चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो हे सोयीचे उदाहरण आहे. २०१० मध्ये ती भारतात विक्रीला आली, त्याच वर्षी पोलो कप ही एकाच मॉडेलची शर्यतमालिका सुरू झाली, आणि २०२२ मध्ये इथले उत्पादन थांबले तरी हौशी चालकांनी ती सोडलेली नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम अशी तिची मांडणी. चालकासह वजन १,२०० किग्रॅ धरले, तर ताशी १४४ किमी वेगाला तिच्यात ९६० किलोजूल गतिज ऊर्जा असते. वळणाआधी वेग ७२ वर आणला की उरतात फक्त २४०, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते. मधले ७२० किलोजूल तीन-चार सेकंदांत कुठेतरी जायला हवेत. जोराच्या ब्रेकमध्ये भार पुढे झुकतो आणि सुमारे ७० टक्के काम पुढच्या चाकांवर येते. पुढच्या दोन डिस्कमध्ये मिळून दहा किलो ओतीव लोखंड आहे असे मानले, तर अशा एकेका ब्रेकला डिस्कचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास चढते. हवेचा रोध यातला थोडा वाटा उचलतो, पण हिशेबाचा अंदाज बदलत नाही.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना हीच गाडी साडेपाचशे मीटर खाली येते आणि साडेसहा हजार किलोजूलच्या घरात ऊर्जा सोडते. वर सांगितलेल्या जोराच्या ब्रेकांत मोजली तर ती नऊ ब्रेकांइतकी भरते. घाटात ती बऱ्याच मिनिटांवर पसरते, खालच्या गिअरमध्ये इंजिन बराच भार घेते, वारा काही घेतो. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ३.७१७ किमीच्या ट्रॅकवर जोरात चालवणाऱ्याला नऊ ब्रेक मारायला दोन-तीन फेऱ्या पुरतात, आणि दोन ब्रेकांमध्ये डिस्क निवायला मिळतात ते काही सेकंद. डिस्क चारशे-पाचशे अंशांवर पोचते ती अशी. ‘माझी गाडी घाट रोज उतरते, ब्रेक कधी दगा देत नाहीत’ या युक्तिवादाला ट्रॅकवर फारसा अर्थ नसतो.

दोन बिघाड, दोन उपाय : ब्रेक ‘गेले’ असे म्हणताना चालक दोन निराळ्या गोष्टी सांगत असतात. पहिल्या प्रकारात पेडल कडक राहते, पाय पूर्ण ताकदीने दाबतो, पण गाडी थांबायचे नाव घेत नाही. हा पॅडचा दोष. पॅडमधले घटक बांधून ठेवणारे फिनॉलिक रेझीन तीनशे अंशांच्या पुढे विघटित होऊ लागते, त्याचे वायू डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये येतात आणि घर्षण गुणांक ढासळतो. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ होते आणि फळीला टेकते. इथे पॅडचा काही दोष नसतो; कॅलिपरमधले ब्रेक ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात आणि पायाचा दाब ते बुडबुडे चेपण्यातच खर्ची पडतो. गाडी थोडी निवली की पेडल परत येते, म्हणून हा बिघाड गॅरेजमध्ये दिसत नाही.

नवख्यांना आधी गाठतो तो दुसरा प्रकार, आणि म्हणून पॅडच्या आधी ऑईल बदलावे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १५५, डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. ग्लायकॉलवर आधारलेले हे ऑईल हवेतली आर्द्रता ओढून घेते. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या ऑईलवर ट्रॅकला जाणे म्हणजे डब्यावरचा मोठा आकडा विसरून लहान आकड्यावर भरवसा ठेवणे. शर्यतीसाठीची ऑईले ताजी असताना तीनशे अंशांपुढेही उकळत नाहीत. त्यांची किंमत पॅडच्या मानाने किरकोळ असते, फक्त ती वरचेवर बदलावी लागतात आणि प्रत्येक वेळी चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा नीट काढावी लागते. डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते. नाव सारखे वाटले तरी ते या ऑईलांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत टाकू नये.

घर्षणद्रव्य : हर्बर्ट फ्रूड या इंग्रजाने १८९७ मध्ये ब्रेकच्या घर्षणद्रव्यावर काम सुरू केले. डार्बीशरच्या डोंगराळ भागातले गाडीवान उतारावर लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचे चामडे लावतात हे पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि पत्नी एलिझाबेथचे आद्याक्षर जोडून फेरोडो हे नाव तयार झाले. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता, तो याच नावाचा. डिस्क ब्रेकची कीर्ती झाली ती १९५३ च्या ल मां शर्यतीत. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ती जिंकली. त्या काळापासून दीर्घकाळ पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ते फुप्फुसांना घातक ठरल्यावर त्याची जागा अनेक मिश्रणांनी घेतली.

आज कंपनीतून येणारे पॅड बहुधा सेंद्रिय किंवा कमी धातूचे असतात: आवाज नाही, धूळ कमी, थंड असताना पहिल्याच दाबाला पकड. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलादाचे तंतू भरपूर असतात. ते उष्णता सोसतात, पण डिस्क खातात आणि ओरडतात. सिंटर्ड पॅड धातूची भुकटी तापवून, दाबून घडवलेले असतात. ‘सिरॅमिक’ हा शब्द खोक्यावर दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. रस्त्याच्या गाडीसाठी विकले जाणारे बरेच सिरॅमिक पॅड शांत चालण्यासाठी आणि चाके स्वच्छ राहण्यासाठी बनवलेले असतात, ट्रॅकसाठी नव्हे.

पॅडच्या कडेवर छापलेल्या सांकेतिक अक्षरांत अमेरिकी पद्धतीची दोन अक्षरे असतात: पहिले साधारण तापमानाच्या घर्षणाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. एफ म्हणजे घर्षण गुणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. उपयोगाची खूण, पण अपुरी. ही चाचणी छोट्या तुकड्यावर होते आणि ट्रॅकवरच्या तापमानापर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा निर्मात्याने दिलेला तापमान-घर्षणाचा आलेख पाहावा, आणि त्यातही रेषा किती उंच आहे यापेक्षा ती किती सपाट आहे ते पाहावे. फेरोडोच्या डीएस २५०० चा सरासरी गुणांक ०.४२ दिला जातो. हा आकडा चांगल्या कंपनी-पॅडपेक्षा फार मोठा नाही. फरक इतकाच की तो पाचशे अंशांपर्यंत टिकतो. युरोपात बदली पॅडसाठी आर ९० हा नियम आहे. त्यानुसार पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के वरखालीच राहावी लागते. शर्यतीचे बहुतेक पॅड या चौकटीत बसत नाहीत.

थंड ब्रेक : रोजच्या गाडीत खरी अडचण इथे आहे. निव्वळ शर्यतीचे पॅड दीड-दोनशे अंशांवर आल्याशिवाय नीट धरत नाहीत. पावसाळ्यात सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना डिस्क ओल्या आणि गार असतात. समोर शाळेची रिक्षा आडवी आली तर ट्रॅकवरची सहावी फेरी कामी येत नाही. शिवाय थंड असताना हे पॅड डिस्क कानशीसारखी घासतात आणि सिग्नलवर गाडी थांबताना आख्ख्या चौकाला कळेल इतके किंचाळतात. त्यांची लोहयुक्त धूळ अलॉय चाकांवर ओलसर बसून राहिली की गंजते आणि रंगात रुतते.

रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळणारे ‘मधले’ पॅड मिळतात. पहिल्या दोन-चार ट्रॅक दिवसांना, हलक्या गाडीला, हात सावरून चालवणाऱ्याला ते पुरतात. चालक जसजसा वेगवान होतो तसे तेही अपुरे पडतात. वर रस्त्यावर ते कंपनी-पॅडइतके शांत नसतातच. गंभीरपणे ट्रॅकवर जाणाऱ्याने दोन संच ठेवावेत, आदल्या संध्याकाळी किंवा ट्रॅकवर पोचल्यावर बदलावेत आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा कंपनी-पॅड लावावेत, हाच मार्ग या नोंदीच्या लेखकाला पटतो. जॅक, स्टँड, पाने आणि पिस्टन मागे रेटायचे साधन एवढ्यावर काम होते. दोन गोष्टी मात्र विसरल्या की महागात पडते. पिस्टन मागे ढकलला की वरच्या टाकीतले ऑईल वर येऊन सांडते आणि रंग उडवते. आणि पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. नाहीतर पहिला ब्रेक पोकळ जातो.

बेडिंग : नवा पॅड बसवून थेट शर्यतीला नेणे हा पैसे वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग. पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा लेप डिस्कवर बसला की घर्षण त्या लेपावर होते. त्यासाठी मोकळ्या, सुरक्षित जागी ताशी शंभरच्या आसपासवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, जोर वाढवत ब्रेक लावतात आणि मग ब्रेक न वापरता गाडी फिरवून निववतात. नेमकी रीत निर्मात्याची पाळावी. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहिले की पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. अशा वेळी ‘डिस्क वाकली’ असे निदान करून ती लेथवर नेण्याची पद्धत आहे. पुष्कळदा डिस्क सरळ असते आणि लेप तेवढा खालीवर झालेला असतो. वेगवेगळ्या निर्मात्यांच्या दोन संचांचे लेप एकमेकांशी जुळतीलच असे नाही. त्यामुळे संच बदलणारे काही जण डिस्कचीही दुसरी जोडी ठेवतात.

पुढचे आणि मागचे : पुढचे पॅड जास्त घर्षणाचे केले की ब्रेकचा तोल पुढे सरकतो, गाडी स्थिर राहते, मागचे ब्रेक जरा आळशी होतात. पोलोसारख्या मागे ड्रम असलेल्या गाडीत बहुतेक जण इथेच थांबतात आणि ते ठीकच आहे. चारही डिस्क असलेल्या गाडीत फक्त मागचे पॅड आक्रमक करणे मात्र धोक्याचे. मागची चाके आधी लॉक होऊ लागली की गाडी वळणाच्या तोंडाशी फिरते, आणि एबीएस ते नेहमीच सावरील असे नाही.

स्पर्धेनुसार निवड : ऑटोक्रॉसची फेरी मिनिटा-दोन मिनिटांची असते आणि वेग कमी असतो. ब्रेक तापायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे कंपनी-पॅड शर्यतीच्या पॅडपेक्षा सरस ठरतात. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅगमध्ये एक मोठा ब्रेक आणि मग भरपूर विश्रांती. रॅलीत मातीवर टायरच आधी सुटतो. तिथे पॅडकडून हवी असते ती पायाला कळेल अशी हळूहळू वाढणारी पकड. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा संपल्यावरचा ब्रेक वेगळाच. साध्या हॅचबॅकलाही तिथे पूर्ण शर्यतीचे पॅड लागू शकतात.

देखभाल : पॅड निम्मा झिजला की ट्रॅकसाठी बाद समजावा. रस्त्यावर तो आणखी बरेच किलोमीटर चालेल. पण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनपर्यंत लवकर पोचते, रबरी बूट करपतात आणि ऑईल उकळते. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता काढावी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. डिस्कवर केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर लक्ष ठेवावे. रेषा कडेपर्यंत पोचली तर डिस्क टाकून द्यावी.

विमा : भारतातल्या खासगी मोटारीच्या प्रचलित विमा पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर संरक्षणाबाहेर ठेवलेले असतात. ट्रॅकवर झालेले नुकसान त्यामुळे मालकाच्याच खिशातून भरून निघते.