लोणार: नुसता सेल्फी काढून परत फिरू नका, या गावात एक मुक्काम हवाच!

जून 2020. लॉकडाऊनमुळे सगळे घरात बसलेले असताना एका तळ्याचे फोटो व्हायरल झाले. पाणी चक्क गुलाबी! कुणी म्हणालं फोटोशॉप आहे, कुणी म्हणालं जगबुडीची लक्षणं आहेत. ते तळं होतं बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं.

तेव्हापासून लोणारला जाणाऱ्यांची संख्या वाढली. पण बहुतेकांची ट्रिप ठरलेली असते. छत्रपती संभाजीनगरला वेरूळ-अजिंठा करायचं, एक दिवस हाताशी उरला तर लोणार गाठायचं, कड्यावर उभं राहून फोटो काढायचा आणि अर्ध्या तासात गाडीत बसायचं. लोणारला जाऊन लोणार न बघण्याची ही सगळ्यात सोपी पद्धत आहे.

लोणार हे तालुक्याचं गाव. एसटी स्टँड, बाजारपेठ, आजूबाजूला सोयाबीन, तूर आणि कपाशीची शेतं. विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवरचं कुठलंही गाव असावं तसंच. फरक इतकाच, की गावाची घरं जिथे संपतात तिथे जमीनही संपते आणि समोर जवळपास 150 मीटर खोल वाडगा उघडतो.

हा खड्डा पडला कसा?

अंतराळातून आलेली उल्का इथे आदळली आणि हे विवर तयार झालं. विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर आहे. आत जे सरोवर आहे त्याचा व्यास साधारण 1.2 किलोमीटर. कडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे 20 मीटर उंच आहे, कारण धडकेने उडालेला दगड-मुरूम काठावरच साचला.

आता यात विशेष काय? जगात उल्काविवरं बरीच आहेत. पण लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात आहे. बेसॉल्टमध्ये पडलेली आणि इतकी शाबूत राहिलेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागावरही बेसॉल्ट आहे, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. चंद्रावर जाण्यापेक्षा मेहकरहून एसटी पकडणं स्वस्त पडतं.

हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, यावर बराच काळ वाद होता. 1970च्या दशकात इथल्या दगडांत मास्केलिनाइट सापडलं. खनिजाला प्रचंड मोठा धक्का बसला तरच तयार होणारी ही काच. ज्वालामुखी तेवढा धक्का देऊ शकत नाही. त्यानंतर उल्केच्या बाजूने निकाल लागला.

वयाचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. गुगल केलंत तर अनेक ठिकाणी 52,000 वर्षं असा आकडा दिसेल. तो आला धडकेत वितळलेल्या काचेच्या एका चाचणीतून. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आर्गॉन वायूच्या प्रमाणावर आधारलेल्या दुसऱ्या चाचणीने वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं काढलं. म्हणजे थेट दहापटीहून जास्त फरक. फलकावर एक आकडा आणि गाइडच्या तोंडी दुसरा असेल, तर त्यामागचं कारण हे आहे.

पाणी गुलाबी का झालं होतं?

सरोवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी आत उतरतं, सोबत क्षार आणतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चालू आहे. म्हणून हे पाणी खारट तर आहेच, पण त्याहून जास्त अल्कधर्मी आहे. हात घातला की साबणासारखं बुळबुळीत लागतं.

2020च्या उन्हाळ्यात पाणी कमी झालं आणि खारटपणा वाढला. अशा पाण्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावतात आणि ते गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हेच कारण सांगितलं. पाऊस पडला, खारटपणा उतरला, रंगही गेला. एरवी तळं हिरवट दिसतं, कारण त्यात स्पिरुलिनासारखं सूक्ष्म शेवाळ वाढतं. तेव्हा गुलाबी रंग बघायच्या आशेने निघाला असाल तर निराशा होण्याची शक्यता जास्त.

गंमत म्हणजे गावाकडे या पाण्याची स्वतःची कथा आधीपासून आहे. लवणासुर (लोणासुर) नावाचा दैत्य जमिनीखाली लपून राहायचा. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन त्याच्या बिळावरचं झाकण अंगठ्याने उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, असं ही कथा सांगते. लोणार हे नावही त्याच्यावरूनच आलं म्हणतात. आभाळातून काहीतरी कोसळलं आणि जमिनीत मोठं भगदाड पडलं, हे कथेलाही सांगायचं होतं की काय, असं वाटून जातं.

या क्षारांवर एकेकाळी इथे धंदा चालायचा. आइन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे, तो इथे मिळणाऱ्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालासाठी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावरचा खार गोळा करायचे. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी प्रतीनुसार त्याला नावं होती.

सुरुवात गावातून करा

बहुतेक जण आधी विवराकडे धावतात. उलट करा. आधी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा. भर वस्तीत असलेलं हे मंदिर काळ्या दगडाचं आहे आणि त्याचा तळाचा आराखडा ताऱ्यासारखा कोनाकोनांचा आहे. त्यामुळे बाहेरच्या भिंती सतत आत-बाहेर होतात आणि सकाळच्या तिरक्या उन्हात प्रत्येक कोपऱ्याची सावली वेगळी पडते. फोटो काढणाऱ्यांनी सकाळीच जावं.

बाहेरच्या मूर्ती बघायला निदान तासभर ठेवा. देवदेवता आहेत, सुरसुंदरी आहेत, शृंगारशिल्पंही आहेत. आत गेल्यावर मान वर करायला विसरू नका, कारण छतावरही कोरीवकाम आहे आणि वर सांगितलेली दैत्यवधाची गोष्ट तिथे दगडात सापडते. आत अंधार असतो, टॉर्च न्या. मे महिन्याच्या मध्यावर काही दिवस सूर्याची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात, तेव्हा ते बघायला लोक येतात. पण मे महिन्यातलं लोणारचं ऊन सोसायची तयारी हवी.

गावातच लिंबी बारव आहे. पायऱ्या उतरत जाणारी जुनी, बांधीव विहीर. आणि मोठा मारुती, जो उभा नाही तर आडवा आहे! निजलेल्या मारुतीची ही भली मोठी मूर्ती चुंबकीय दगडाची असल्याचं सांगतात आणि पर्यटक मोबाइलमधलं होकायंत्र लावून बघतात. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच, त्यामुळे अशा दगडाजवळ सुई हलली तर त्यात चमत्कार नाही. मारुतीच्या जवळच अंबर तळं आहे, त्यालाच छोटं लोणार म्हणतात. मुख्य उल्केचा तुटलेला तुकडा पडून ते झालं, असं एक मत आहे. सगळ्या संशोधकांना ते मान्य नाही.

मग विवरात उतरा

उतरायची नेहमीची जागा म्हणजे धार. विवराच्या काठाशी गोमुखातून बारा महिने गोड पाणी पडतं. खाली पिता न येणारं तळं आणि वर पिण्याजोगं पाणी, हा प्रकार इथेच समजून घ्यायचा. कडेच्या कातळात मुरलेलं पावसाचं पाणी मध्येच बाहेर फुटतं आणि क्षार साठण्याआधीच आपल्याला मिळतं.

धारेपासून पायवाट खाली जाते. उतार तीव्र आहे, दगड सुटे आहेत. चपला घालून जाणारे लोक दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. विवर हे वन्यजीव अभयारण्य असल्यामुळे वनविभागाचे नियम आणि वेळा लागू आहेत. स्थानिक गाइड घेतला तर पैसे वसूल होतात, कारण आतली मंदिरं झाडीत लपलेली आहेत. रामगया, वाघ महादेव, मोर महादेव अशी ती विखुरली आहेत. काही पडझड झालेली, काहींत वटवाघळांचा मुक्काम. मोर आणि वानरं मात्र हमखास भेटतात. झाडीकडेही लक्ष द्या. वरच्या उतारावर साग आहे, खाली पाण्याजवळ आलात की खार सोसणारी बाभळीसारखी झाडंच उरतात.

तळाशी कमळजा देवीचं मंदिर आहे. बाकीची मंदिरं पर्यटकांची, हे गावाचं. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि एरवी शांत असलेल्या विवरात माणसांची रीघ लागते. मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एकाच विहिरीत एका बाजूला गोड पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. गोड कोणती आणि खारी कोणती, हे ज्याने त्याने घरचं वातावरण बघून ठरवावं. तळ्याची पातळी वाढली की विहीर पाण्याखाली जाते, त्यामुळे ती दिसेलच असं नाही.

आणि इथेच लोणारची खरी अडचण सुरू होते. वर्षानुवर्षं गावाचं सांडपाणी, शेतातली खतं, धारेवर अंघोळ-कपडे करणाऱ्यांचा साबण, यात्रेचा कचरा हे सगळं उताराने तळ्यात आलं. जे आत गेलं ते बाहेर येत नाही, हे वर बघितलंच. दुसरीकडे गोडं पाणी जास्त आलं तर खारटपणा कमी होतो, आणि खाऱ्या पाण्यातच जगणारे जे जीव इथे आहेत त्यांचं घर जातं. म्हणजे साधारण तळ्याला पाणी भरपूर असलं की आपण खूश होतो, लोणारच्या बाबतीत ती काळजीची बातमी असू शकते. हे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं आणि तिथून प्रशासनाला वेळोवेळी निर्देश मिळाले. 2020च्या नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं रामसर स्थळ.

पर्यटकाच्या हातात थोडंच आहे, पण आहे. धारेवर साबण लावू नका. प्लास्टिक वर घेऊन या. आणि दगड खिशात घालू नका, ‘उल्केचा तुकडा’ म्हणून तर अजिबात नाही. तो आपला नेहमीचा बेसॉल्टच असतो.

कसं जायचं, कुठे राहायचं?

जवळचं मोठं रेल्वे स्टेशन जालना, तिथून रस्त्याने साधारण 90 किलोमीटर. संभाजीनगरहून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गाने येत असाल तर मेहकरला उतरा, तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटरच्या आत आहे. जालन्याकडून येताना वाटेत सिंदखेडराजा करता येतं. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराव जाधवांचा वाडा. 12 जानेवारीला तिथे प्रचंड गर्दी असते, ती बघायची असेल तर त्याच दिवशी जा, नसेल तर तो दिवस टाळा. मेहकरला थांबलात तर शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली मूर्ती बघा.

राहायला एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे, गावात लॉजही आहेत. पंचतारांकित काही शोधू नका. जेवायला ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा मागा. ठेचा आधी चाखून बघा, मग वाढून घ्या.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात विवर हिरवंगार दिसतं, पण वाट निसरडी होते. एका मुक्कामाचा बेत असा करा: दुपारी पोहोचून बारव, मारुती आणि छोटं लोणार उरका, संध्याकाळी कड्यावर बसा. दुसऱ्या दिवशी उजाडताच दैत्यसूदन, मग ऊन चढायच्या आत विवरात उतरून परत या. वेळ उरला तर कडेकडेने पूर्ण फेरी मारता येते, साधारण सहा किलोमीटर. चढताना दम लागतो, म्हणून पाण्याची बाटली भरून ठेवा. खाली दुकान नाही आणि समोर दिसणारं पाणी पिण्याचं नाही.