उंदराची वाट

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि चार दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गोडादरा, लिंबायत, उधना भागांतल्या खानदेशी घरांत त्या पळापळीच्या आठवणी अजून निघतात. दगावले सुमारे पन्नास. मागे गल्लोगल्ली गॅमेक्झिन आणि डीडीटीची पावडर पसरली गेली.

ही शिंपडण्याची रीत जुनीच. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सरकारने घरे आणि गटारे कार्बोलिकने धुऊन काढली. पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजिरांनी घराघरात शिरून चीजवस्तू बाहेर काढल्या. चापेकर बंधूंचा इतिहास आपण शाळेत शिकवतोच. रोग मात्र हटेना. हटणार कसा? पाणी भिंतीवर आणि उंदीर बिळात! १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले की रोग उंदरावरची पिसू पसरवते. उंदीर मेला की ती दुसरे अंग शोधते. कित्येक वर्षे त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही.

म्हणून साथ चालू असताना आधी पिसवांवर औषध मारावे लागते, नुसते उंदीर मारणे घातकच. एरवी मात्र प्रश्न उंदराच्या पोटाचा असतो. सुरतेच्या आधी महिनाभर, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ओस घरांत पडलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे त्याचे कारण तेव्हा सांगितले गेले. सुरतेत पुराच्या चिखलात कचरा कुजत होता. मे १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी काय केले? रोजचा कचरा रोज उचलला, रात्री रस्ते झाडून घेतले, झोपडपट्टीतल्या गल्ल्यांना फरशी आणि गटारे दिली, घाण करणाऱ्या हॉटेलवाल्यांना दंड केला.

घरातही तेच. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. ते भोक काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवावे, मोरीला जाळी लावावी, धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे, खरकटे रात्री बाहेर ठेवू नये. विषाच्या गोळीने उंदीर माळ्यावर मरतो आणि आठवडाभर घर नाक धरून बसते. गोडादऱ्यासारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत एकट्याने भोक बुजवून भागत नाही; तो शेजारच्या घरातून येतो.