पडद्यावरील पाकक्रिया आणि प्रेक्षकांचा अभिप्राय : मानोरा परिसराच्या संदर्भात एक विचार

पाकक्रिया ही मूलतः पाहून शिकण्याची विद्या आहे. मुलगी आईच्या आणि सून सासूच्या शेजारी बसून शिकत आली, ती पुस्तकाच्या आधाराने नव्हे. तेव्हा दुसऱ्याचा स्वयंपाक पाहणे ही काही दूरचित्रवाणीने आणलेली नवी गोष्ट नाही. नवे आहे ते इतकेच की, रांधणारी व्यक्ती आणि पाहणारी व्यक्ती यांची चूल आता एक राहिलेली नाही. एकीचा वास दुसरीला येत नाही, एकीचे मीठ दुसरीला चाखता येत नाही. या अंतरामुळे प्रेक्षकाच्या मनात जे अभिप्राय निर्माण होतात, त्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहता येते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या अंतराचा आरंभ पडद्यापूर्वीच झाला होता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 साली आले. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे प्रमाण मानली, आणि माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींना त्या पुस्तकाचा मोठा आधार झाला. दरम्यान आकाशवाणीवरील स्त्रियांच्या कार्यक्रमांतून पाककृती सांगितल्या जात. नागपूर केंद्र 1948 साली सुरू झाल्यावर तो आवाज वऱ्हाडातही पोहोचू लागला. हाताने शिकण्याच्या विद्येचे असे क्रमाक्रमाने वाचण्याच्या व ऐकण्याच्या विद्येत रूपांतर झाले.

दूरचित्रवाणीने तिला पुन्हा दृष्टीचा विषय केले. इंग्लंडमध्ये 1937 सालीच बी.बी.सी.वर मार्सेल बुलेस्तँ यांनी पाकक्रियेचे प्रयोग दाखविले होते. भारतात 1993 साली झी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘खाना खजाना’ने या प्रकाराला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. मराठीत ‘मेजवानी’ या कार्यक्रमातून नागपूरचे विष्णू मनोहर घरोघरी परिचित झाले, तर 2007 साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘आम्ही सारे खवय्ये’ने सामान्य गृहिणीलाच पडद्यावर उभे केले. 2017 साली मनोहर यांनी नागपुरात सलग 53 तास स्वयंपाक केला, तेव्हा तो पाहावयास लोक प्रत्यक्ष जमले. पुढे मोबाईल आला, आणि 2020 साली सुरू झालेल्या ‘आपली आजी’ या यूट्यूब वाहिनीवरून अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यात राहणाऱ्या सुमन धामणे या आजी साऱ्या महाराष्ट्राच्या शिक्षिका झाल्या.

या कार्यक्रमांविषयी सामान्यतः तीन मते ऐकू येतात. पहिले अनुकूल आहे : यांमुळे नवे पदार्थ कळतात, घरातील कामाला मान मिळतो आणि पुरुषही चुलीजवळ येतो. दुसरे मत असे की, हे केवळ मनोरंजन आहे. पाहणारे पुष्कळ, करणारे थोडे. तिसरे मत सर्वांत कमी बोलले जाते. ते म्हणजे, ‘हे आपल्या घरचे नव्हे.’ पहिल्या दोन मतांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. तिसऱ्याचा अर्थ समजून घेण्यास मानोऱ्यासारखे ठिकाण उपयोगी पडते.

मानोरा हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. 1998 साली अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. येथील खाद्यजीवन वऱ्हाडी आहे. त्यातील रोडग्यांचे उदाहरण घ्यावे. कणकेचे थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजले जातात, आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर त्यांची पंगत होते. गोवऱ्या रचणे, त्या पेटून त्यांचा विस्तव होईपर्यंत थांबणे, रोडगे राखेतून काढून झाडणे, हा सारा व्यवहार अनेक हातांचा, उघड्यावरचा आणि सावकाश चालणारा आहे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात, गॅसच्या शेगडीवर, एका व्यक्तीच्या हातून तो घडू शकत नाही. पडद्यावर डाळ आधीच भिजलेली असते, मसाला आधीच वाटलेला असतो, भांडी दुसरेच कोणी घासते. जे श्रम दिसत नाहीत, ते नसल्याचाच भास होतो. ज्या बाईला पाणी आणून आणि सरपण गोळा करून मगच रांधावे लागले आहे, तिला हा भास चटकन ओळखू येतो. ‘हे आपल्याकडे जमायचे नाही’ हे तिचे उद्गार अज्ञानाचे नसून परीक्षणाचे असतात.

याच तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. सेवालाल महाराजांची समाधी तेथे असून रामनवमीला मोठी यात्रा भरते. लापशीचा भोग, तांड्यावरची बाटी, बोकडाच्या रक्तापासून केली जाणारी सळोई, हे या समाजाच्या अन्नाचे ओळखीचे विशेष. यांपैकी लापशी पडद्यावर सहज शोभते. सळोई मात्र प्रायोजकांच्या तेलमसाल्यांच्या जाहिरातींमध्ये बसणे कठीण. निवड रुचीची दिसते, परंतु तिच्यामागे प्रतिष्ठेचा प्रश्न उभा असतो. 2009 साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले, आणि 2015 साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झाले. ‘महाराष्ट्रीय स्वयंपाक’ या नावाखाली कोणाचे ताट मांडले जाते, हाच प्रश्न या दोन्ही प्रयत्नांनी विचारला. पोहरादेवीत 2024 साली बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाच्या वेशभूषेला आणि इतिहासाला असे दालन मिळू शकते. चव मात्र दालनात ठेवता येत नाही, ती रांधूनच टिकते.

मोबाईलमुळे ही स्थिती काही अंशी पालटली आहे, हे मान्य केले पाहिजे. आता प्रायोजकाची अनुमती न घेताही शेतातील चूल चित्रित करता येते. तथापि ज्या चित्रफितीला प्रेक्षक अधिक, तीच पुढे सरकते. म्हणून नवे साधनही जुन्या पसंतीच्या दडपणातून सर्वस्वी मुक्त नाही.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. पाककृतींचे कार्यक्रम उद्याच्या अभ्यासकास विसाव्या शतकाची अखेर आणि एकविसाव्या शतकाचा आरंभ यांतील खाद्यजीवनाचे विपुल साधन म्हणून उपलब्ध राहतील. परंतु ते साधन एकट्याने वाचले, तर वऱ्हाडातील घरे नित्य पनीरच रांधीत होती असा समज होण्याचा धोका आहे. त्या साधनाशेजारी पाहणाऱ्यांचा अभिप्राय ठेवणे आवश्यक आहे : काय करून पाहिले, काय सोडून दिले, आणि कशाकडे पाहून ‘हे आपले नव्हे’ म्हटले. हा अभिप्राय कोठे छापला जात नाही. तो जेवताना बोलला जातो आणि ताटाबरोबर उचलला जातो. ज्या वृद्ध स्त्रियांनी चूल, रेडिओ आणि पडदा हे तिन्ही पाहिले, त्यांच्या हयातीतच त्याची नोंद होणे इष्ट आहे.