जुन्या गोव्यांतील संत झेवियर यांची समाधि : एक काम, दोन हात

जुन्या गोव्यांतील 'बॉम जेझू'च्या इगर्जींत मुख्य वेदीच्या उजव्या हातास फ्रान्सिस झेवियर या जेझुइत धर्मोपदेशकाची समाधि आहे. ती इटलींतून आलेली, फोगिनी नांवाच्या मूर्तिकाराची, असें सरसकट सांगण्याचा प्रघात पडला आहे. या विधानांत निम्मेंच तथ्य आहे. उरलेला भाग मराठ्यांच्या इतिहासाशीं निगडित असल्यानें त्याची फोड येथें करणें अवश्य वाटतें.

झेवियर यांचा मृत्यु ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्यालगत सांशियान बेटावर झाला. शव १५५४ सालीं गोव्यास आलें. १६२२ त रोमहून संतपद जाहीर झालें. शवासाठीं जी रुप्याची पेटी आहे ती १६३६-३७ ची. आंखणी मार्सेलो मास्त्रिली या नेपल्सकडील पाद्र्याची, पण घडण गोव्याच्या सोनारांची. संताच्या चरित्रांतील प्रसंग उठावाच्या कामांत दाखविणारे ३२ पत्रे तिच्या अंगावर आहेत. मास्त्रिली हा पुढें जपानांत गेला व १६३७ तच तेथें मारला गेला. त्याचें नांव ग्रंथांतून टिकलें. सोनारांचीं नांवें मात्र कोणी घेत नाहीं.

पेटीखालचा चौथरा तिच्या मागाहून ६१ वर्षांनीं आला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची यास संताच्या मस्तकाखालची उशी भेटीदाखल मिळाली. तिची परतफेड म्हणून त्यानें हें काम आपला दरबारी मूर्तिकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोगिनी (१६५२-१७२५) याजकडून करविलें. एका उशीचा हा मोबदला म्हणजे कमालच म्हणावयाची! सुमारें दहा वर्षें काम चाललें. मग प्लाचिदो रामपोनी नांवाच्या कारागिरानें सुटे भाग समुद्रमार्गें आणून १६९८ सालीं ते जागेवर जोडले. रंगीत दगडांच्या जडावाचा कारखाना मेदिची घराण्यानेंच फ्लॉरेन्सला १५८८ त काढला होता. आग्र्याकडील पच्चीकारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस या कामाची जात चटकन् ओळखूं येईल. चौथऱ्याच्या चार बाजूंस कांशाचे चार उठावपट आहेत : मोलुक्का बेटांतील प्रवचन, बाप्तिस्मा, मोरोताई बेटावरील हल्लेखोरांपासून सुटका, आणि सांशियानवरील मृत्यु.

फ्लॉरेन्सच्या मूर्तिकारानें पोर्तुगीजांच्या धर्मपुरुषाची समाधि घडविण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. पोर्तुगालच्या राजघराण्यांतील जेम्स नांवाचा तरुण कार्डिनल १४५९ त फ्लॉरेन्स येथें वारला. त्याची सान मिनियातोच्या देवळांतील समाधि आंतोनियो रोस्सेल्लिनो यानें १४६१ ते १४६६ या काळांत घडविली. तेथें शवपेटीवर कार्डिनलची संगमरवरी आकृति निजलेली आहे, वर देवदूत व माता मेरी आहेत. इटलींतील पुनरुज्जीवनकालीन समाधींचा हा उत्तम नमुना होय. गोव्यास अशी निजलेली मूर्ति नाहीं. प्रत्यक्ष शवच पेटींत असतां दगडी प्रतिकृतीचें प्रयोजन काय? म्हणून मूर्तीची जागा चरित्रकथेनें घेतली. वीरगळ पाहण्याची संवय असलेल्या आपल्या वाचकांस ही रीत परकी वाटणार नाहीं. वीरगळांतहि खालीं युद्ध, वर अप्सरांनीं केलेलें स्वर्गारोहण, त्याहून वर शिवपूजन असा कथेचा क्रम कप्प्याकप्प्यांनीं चढत जातो. मात्र तो क्रम एका शिळेवर खालून वर वाचावयाचा असतो. येथें समाधीभोंवतीं फिरून पाहावा लागतो.

पोथ्यांच्या संग्राहकांस दोन हातांनीं लिहिलेली पोथी ओळखण्याचा सराव असतोच. शाई, वळण, कागद बदलला कीं पानांचा काळ वेगळा धरावा लागतो. तोच न्याय येथें लावला पाहिजे : वर गोमंतकीय रुपें, खालीं इटालियन दगड व कांसें.

हा भेद न केल्यास १६८३ चा प्रसंग चुकीच्या देखाव्यांत उभा राहतो. त्या सालच्या नोव्हेंबरांत संभाजी महाराजांच्या सैन्यानें गोवें शहराजवळचें जुवें बेट घेतलें. तें परत घेण्यास गेलेला विजरई कोंद द आल्व्होर पराभूत होऊन माघारी आला. मग त्यानें बॉम जेझूंत जाऊन संताची पेटी उघडविली, आपली अधिकाराची काठी शवाच्या हातीं ठेविली, व राज्य आतां तुम्हीच सांभाळा अशी प्रार्थना केली. मोगल शहाजादा शाहआलम मोठ्या फौजेनिशीं उतरत असल्यानें महाराजांस गोव्याचा नाद सोडावा लागला. पोर्तुगीजांनीं त्याचें श्रेय अर्थातच संतास दिलें. शाहआलमास कोण देतो!

तात्पर्य इतकेंच नव्हे कीं विजरईनें प्रार्थना केली. त्यानें ती केली त्या वेळीं कोसिमोचा चौथरा तेथें नव्हता. तो येण्यास अजून १५ वर्षें होतीं. समोर होती ती गोव्याच्या सोनारांनीं घडविलेली रुप्याची पेटी. कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दप्तरांतील पोर्तुगीज कागद उजेडांत आणून मराठ्यांच्या या स्वारीचा अभ्यास सुकर केला. त्या कागदांबरोबर ही वस्तूहि पुराव्यांत धरावी. नंदुरबारसारख्या दूरच्या गांवांतून तेथें वारंवार जाणें घडत नाहीं. पण जो जाईल त्यानें प्रथम चौथऱ्याकडे न वळतां दृष्टि वर नेऊन पेटीचे पत्रे पाहावे, आणि मग कांशाचे पट.