सात इकलीम आणि आमचं माळवद

उर्दूच्या तासाला ‘हफ्त इकलीम’ हा शब्द आला की मुलं अर्थ विचारतात. मी सांगतो, सात इकलीम म्हणजे सारी दुनिया. ‘इकलीम’ हा शब्द मूळ ग्रीक ‘क्लिमा’वरून आला. क्लिमा म्हणजे उतार. इंग्रजीतला ‘क्लायमेट’ त्याचाच भाऊ.

ग्रीकांनी वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या लांबीवरून जगाचे पट्टे पाडले. अरब भूगोलकारांनी ते पुढे नेले. ११५४ मध्ये अल-इद्रीसीने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी ग्रंथ पूर्ण केला. त्यात सात इकलीमांचे प्रत्येकी दहा भाग केले होते. १३७७ मध्ये इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त हवेचा संबंध माणसाच्या वर्णाशी, अन्नाशी, घरांशी जोडला. काळा वर्ण हा शाप नसून उष्णतेचा परिणाम आहे, असं त्याने लिहिलं. मात्र टोकाच्या इकलीमांतल्या लोकांना त्याने हलकं लेखलं. वारसा सांगताना हेही सांगायला हवं.

या नकाशाची मर्यादा आपल्याच राज्यात दिसते. मुंबई आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) दोन्ही १९ अंश अक्षांशाच्या किंचित वर. जुन्या हिशेबाने इकलीम एकच. पण एकीकडे समुद्र, दुसरीकडे सह्याद्रीची पर्जन्यछाया. नगरला निजामशाहीने फराहबाग महाल तलावाच्या मधोमध बांधला. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना गारवा मिळतो. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती निकामी; तिथे वारा आरपार खेळायला हवा.

म्हणून आजची राष्ट्रीय बांधकाम संहिता तापमानासोबत आर्द्रताही मोजते आणि देशाचे पाच विभाग करते: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, समशीतोष्ण, थंड आणि संमिश्र. सोलापूर उष्ण-कोरड्यात, मुंबई उष्ण-दमटमध्ये, नागपूर संमिश्र.

आमचं घर सोलापूरकडचं. मातीच्या जाड भिंती, वर माळवद, छोट्या खिडक्या, मध्ये अंगण. दिवसाचं ऊन भिंतीतच अडायचं, आत यायला रात्र व्हायची. माळवद गळायचं, दरवर्षी माती टाकावी लागायची. म्हणून आम्ही ते पाडलं आणि स्लॅब टाकला. आता उन्हाळ्यात अब्बा अंगणही नाही म्हणून गच्चीवर झोपतात.

मी शाळेत इकलीम शिकवतो. घर बांधताना मात्र तो धडा विसरलो. तुम्ही बांधणार असाल, तर गवंड्याला आधी एवढंच विचारा: आपली इकलीम कोणती?