व्हिएतनामी विद्यार्थी जपानमध्ये कर्जात का अडकतात?

२०१० नंतर जपानमध्ये शिकायला जाणाऱ्या व्हिएतनामी तरुणांची संख्या झपाट्याने वाढली. यातले अनेक जण आधी तिथल्या जपानी भाषेच्या शाळेत प्रवेश घेतात. प्रवेश आणि व्हिसाची कागदपत्रे एजंट करून देतो. एजंटची आणि शाळेची फी भरण्यासाठी अनेक कुटुंबे कर्ज काढतात. ‘तिकडे काम करून कर्ज सहज फिटेल’, असे एजंट सांगतो. प्रत्येक प्रवेशामागे अनेक शाळा त्याला कमिशन देतात, त्यामुळे पुढची अडचण तो सांगेलच असे नाही.

शाळा सुरू असताना विद्यार्थ्याला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येते. तेवढ्या कमाईत घरभाडे, जेवण, पुढची फी आणि कर्जाचा हप्ता भागवणे कठीण जाते. जास्त तास काम केले, तर व्हिसाचे नूतनीकरण नाकारले जाऊ शकते.